दुसरा संयुक्त प्रयोग

एकाच काळी आणि एकाच कलेत दोन तुल्यबळ माणसे नांदत असली, म्हणजे रसिकांच्या मनात दोन इच्छा बहुधा एकदमच उत्पन्न होतात. ह्या दोघांत श्रेष्ठ कोण ह्याचा एकदा निकाल लागावा, ही एक. आणि हे दोघे एकदा तरी एकत्र यावेत, ही दुसरी. पहिली इच्छा भांडखोर आहे, दुसरी उदार आहे. परंतु गंमत अशी की, दोहींची तृप्ती व्हावयाची ती एकाच प्रसंगाने. मराठी रंगभूमीच्या इतिहासात असा प्रसंग ८ जुलै १९२१ रोजी आला. त्या रात्री मुंबईस ग्रँट रोडवरील बालीवाला थिएटरात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श ह्या दोन प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून खाडिलकरांचे ‘मानापमान’ केले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. ह्या ‘संयुक्त मानापमाना’विषयी इतके लिहिले व बोलले गेले आहे की, त्यात नवीन भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या धाकट्या भावंडाविषयी. हीच दोन माणसे त्यानंतर पुन्हा एकदा एकत्र आली आणि त्यांनी ‘संयुक्त सौभद्र’ केले, ही गोष्ट पुष्कळांच्या कानावरून गेलेली असते. पण ती मनात कोणाच्याच राहिलेली नसते. असे का व्हावे, हा ह्या लेखाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाकडे मी वळलो तो ग्रंथांच्या वाटेने नव्हे, तर घराच्या. आमचे घर अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीचे. गाव मराठी आणि कानडी ह्यांच्या सीमेवर वसलेले. घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोहींची मिसळ, अशी आमच्या लहानपणीची रीत होती. आमचे आज्जा, म्हणजे वडिलांचे वडील, रात्री जेवणे झाल्यावर कट्ट्यावर बसून नाटकांच्या गोष्टी सांगत. त्यांत ‘संयुक्त मानापमाना’ची गोष्ट मुख्य असे. पडदा वर गेला तेव्हा थिएटरात कशी शांतता पसरली, केशवरावांच्या पहिल्या तानेसरशी मागची मंडळी कशी उठून उभी राहिली, बालगंधर्व रंगमंचावर आले तेव्हा बायकांच्या बाजूने कशी कुजबुज झाली, हे सारे ते अशा बारकाव्याने सांगत की ऐकणाऱ्याला आपणही तेथे होतो असे वाटावे. मी एकदा विचारले, “आज्जा, तुम्ही कुठल्या रांगेत बसला होता?” तेव्हा ते म्हणाले, “रांग कसली रे बाळ, उभाच होतो. पाय दुखले ते दुसऱ्या दिवशी कळलं.”

आज्जा १९८८ साली गेले. पुढे काही वर्षांनी त्यांचा शाळेचा दाखला माझ्या हाती आला, तेव्हा त्यांचा जन्म १९१२चा असल्याचे ध्यानात आले. म्हणजे ‘संयुक्त मानापमाना’च्या वेळी ते नऊ वर्षांचे होते, आणि त्या वयात ते मैंदर्गीच्या शाळेत होते, हे त्याच दाखल्यावर लिहिलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने घरच्या साक्षीदाराला खोटे पाडावे हा प्रसंग सुखाचा नव्हे. मी बरीच वर्षे ती गोष्ट कोणाजवळ काढली नाही.

ती गोष्ट तूर्त तेथेच ठेवू, आणि मैंदर्गीसारख्या कानडी वळणाच्या गावाला मराठी नाटकाचे इतके वेड का असावे, ते पाहू. ज्यांना हे आश्चर्याचे वाटते, त्यांना मराठी नाटकाचा जन्म आठवत नसतो. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभे करून संगीत नाटकाचा पाया घातला, ते बेळगावकडील गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांच्या चालींत कानडी चाली मिसळलेल्या आहेत. आणि केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ काढली ती १ जानेवारी १९०८ रोजी, तीही पुण्यामुंबईस नव्हे, हुबळीस. त्याच कर्नाटकातील कुंदगोळचे रामभाऊ पुढे ‘सवाई गंधर्व’ म्हणून मराठी रंगभूमीवर गाजले. तात्पर्य, हा सगळा व्यवहार सीमेवरचाच होता. सोलापुराहून रायचुराकडे जाणारी आगगाडी दुधनीस थांबे, आणि तिच्यातून कापड, गूळ आणि बातम्या ह्यांच्याबरोबर नाटकाची पदेही उतरत. ज्यांना मराठी बोलताना अडखळावयास होई, ती माणसे ही पदे मात्र अचूक म्हणत.

आता त्या दोन नटांकडे वळू. १९२१च्या जुलैत बालगंधर्वांना तेहतीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. केशवरावांना एकतिसावे संपावयास महिना उरला होता. दोघेही बालपणापासून रंगभूमीवर वाढलेले आणि दोघांनीही स्त्रीभूमिकांनी नाव मिळविलेले. देवलांच्या ‘शारदे’तील केशवरावांची शारदा लोकांच्या डोळ्यांपुढून हलत नसे, पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले. बालगंधर्व मात्र स्त्रीभूमिकेतच राहिले आणि तिला त्यांनी असे रूप दिले की, प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया नेसणे, दागिने व चालणेबोलणे त्यांच्यावरून शिकू लागल्या. गळ्याच्या बाबतीत दोघांची जात निराळी. बालगंधर्वांवर भास्करबुवा बखल्यांचे संस्कार. सूर लडिवाळ, लयीशी लाडीगोडी करणारा, शब्दाला न दुखविणारा. केशवरावांना रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम. आवाज चढा, धारदार आणि तान अशी की, ती श्रोत्याला बसल्या जागी हलवून सोडी. ध्वनिवर्धक रंगभूमीवर आलेला नव्हता. जे काही शेवटच्या रांगेपर्यंत पोचावयाचे ते गळ्याच्या बळावरच. त्यामुळे दोन गळ्यांची ही तुलना केवळ आवडीनिवडीची नव्हती, ती थिएटरच्या भिंतींपर्यंत कोणाचा सूर भरून उरतो, अशी प्रत्यक्ष मोजता येण्याजोगी होती.

प्रयोगाला निमित्त मिळाले ते टिळक स्वराज्य फंडाचे. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले होते, आणि त्यांच्या नावे एक कोट रुपये जमविण्याचा संकल्प काँग्रेसने सोडला होता. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपये ठेवण्यात आला, आणि एका रात्रीत सोळा हजारांहून अधिक रुपये जमले. त्या काळच्या मानाने ही रक्कम डोळे दिपविणारी होती, ह्यात संशय नाही. परंतु हिशेब केला तर ती कोटीच्या सहाशेव्या हिश्श्याच्या आसपास भरते. तेव्हा ह्या प्रयोगाने फंडाला काय दिले ह्यापेक्षा फंडाने ह्या प्रयोगाला काय दिले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. फंडाने दोघांनाही माघार न घेता एकत्र येण्याची वाट दिली. आपण त्याच्या मंडळीत गेलो असे कोणालाच म्हणावे लागले नाही. दोघेही लोकमान्यांच्या कार्याला गेले. प्रतिस्पर्ध्यांना मित्र होण्यासाठी बहुधा तिसऱ्या कोणाचे तरी कार्य निघावे लागते. हे आपण लग्नघरांतही पाहतोच.

पण नाटक निवडले गेले ते ‘मानापमान’, आणि ह्या निवडीतच पुढच्या विसराचे बी आहे, असे मला वाटते. हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी प्रथम केले. त्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली असतानाही ते रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. म्हणजे भामिनी ही त्यांची केवळ गाजलेली भूमिका नव्हती, ती त्यांच्या आयुष्याशी जडलेली होती. चाली गोविंदराव टेंब्यांच्या; पूरबकडील ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदांत आणून त्यांनी रंगभूमीचे गाणेच पालटून टाकले होते. अशा ह्या घरात केशवराव आले ते पाहुणे म्हणून. पहिल्या प्रयोगातला धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. त्यांच्या जागी आता ललितकलादर्शचा मालक उभा राहणार होता. त्यात कथानकही कसे पाहा. श्रीमंतीच्या ताठ्याने भामिनी शूर पण निर्धन अशा धैर्यधराचा अपमान करते, आणि अखेर वनमाला होऊन त्याच्या मानाची किंमत ओळखते. अर्थात नाटकातला झगडा आणि नाटकाबाहेरचा झगडा एकाच शब्दात मावत होता. प्रेक्षक तिकीट काढून आले ते हा दुहेरी झगडा पाहावयास. एका पदाला एका बाजूने ‘वन्स मोअर’ पडला की दुसऱ्या पदाला दुसरी बाजू तो मिळवून घेई, असे जे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, ते तपशिलात कितीही सजविलेले असो, त्यातला आत्मा खरा असला पाहिजे. सामना झाला, निकाल लागला नाही, आणि म्हणूनच तो शंभर वर्षे चालू राहिला. अजूनही दोन नाट्यवेडी म्हातारी माणसे एकत्र बसली की, त्या रात्री कोण वरचढ ठरले ह्यावर त्यांचा वाद होऊ शकतो. आणि दोघांपैकी एकानेही तो प्रयोग पाहिलेला नसतो.

आणि ‘सौभद्र’? ते नाटक १८८२चे, म्हणजे ह्या दोघांच्याही जन्माआधीचे. ते बालगंधर्वांचे नव्हते आणि केशवरावांचेही नव्हते. ते अण्णासाहेबांचे होते, आणि संगीत नाटक करणाऱ्या प्रत्येक मंडळीचे होते. बालगंधर्वांची सुभद्रा प्रसिद्ध होती खरी, पण सुभद्रा त्यांच्यापूर्वी अनेकांनी केलेली होती आणि पुढेही अनेकांनी केली. ‘मानापमाना’त एक यजमान आणि एक पाहुणा होता, ‘सौभद्रा’त दोघेही एका जुन्या वाड्यात शिरले, जेथे दोघांच्याही आधी कोणीतरी राहून गेले होते. कथाही सामन्याची नव्हे, संसाराची. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यावयाचे ठरविले आहे, ती अर्जुनावर अनुरक्त आहे, आणि कृष्ण हसत हसत सर्वांना फसवून शेवट गोड करतो. कोण जिंकणार हे प्रेक्षकाला घरातून निघतानाच ठाऊक असते; तो जातो तो केवळ गाणे ऐकावयास आणि आपल्याच घरातील रुसवेफुगवे पाहावयास. माझे अनुमान असे की, संयुक्त प्रयोगाची खरी कसोटी पहिल्यापेक्षा ह्या दुसऱ्या प्रयोगात होती. पहिल्या वेळी कुतूहलाने थिएटर भरते. दुसऱ्या वेळी ते कुतूहल शमलेले असते, आणि एकत्र येण्यात काही कलेचे बळ आहे की नुसतेच नवल होते, हे तेव्हा कळते.

ही कसोटी आपल्याच रंगभूमीपुरती आहे असे नाही. पाश्चात्य संगीतात निरनिराळ्या वाद्यवृंदांतील नामांकित मंडळी एकत्र येऊन नवा वृंद काढतात, त्याला तिकडे ‘सुपरग्रुप’ म्हणतात. त्यांच्याही पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा गाजावाजा फार आणि दुसरीची वाट खडतर. ‘ब्लाइंड फेथ’ हा वृंद १९६९ साली निघाला, एक संग्रह काढून त्याच वर्षी मोडला. ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ ह्या वृंदात जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, टॉम पेटी, जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन असे पाच जण होते. १९८८च्या ऑक्टोबरात त्यांचा पहिला संग्रह निघाला आणि डिसेंबरात ऑर्बिसन मरण पावला. उरलेल्या चौघांनी १९९० साली दुसरा संग्रह काढला, त्याला त्यांनी थट्टेने ‘तिसरा खंड’ असे नाव दिले. तो पहिल्याइतका कोणाच्या लक्षात राहिला नाही. विजेच्या यंत्रांवरच सूर निर्माण करणारे संगीत ज्यांनी लोकप्रिय केले, त्यांच्यातील बर्नार्ड समनर आणि ‘द स्मिथ्स’चा गिटारवादक जॉनी मार ह्यांनी मिळून ‘इलेक्ट्रॉनिक’ ह्याच नावाचा वृंद काढला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९१ची आणि दुसरीसाठी श्रोत्यांना १९९६पर्यंत थांबावे लागले. ही सगळी मंडळी एका गोष्टीत भाग्यवान आहेत. त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका चांगली की वाईट, हे आज कोणालाही ती लावून ठरविता येते.

आमच्या ह्या दोघांचे तसे नाही. १९२१ साली ध्वनिमुद्रण म्हणजे एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहून, वीज नाही, यंत्र फिरते आहे तेवढ्या अवधीत, ओरडल्यासारखे गाणे. तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटे मावत. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५पासून. भरल्या थिएटरातला प्रयोग, त्यातले ‘वन्स मोअर’, एकाने सोडलेल्या सुरावर दुसऱ्याने घेतलेली उठावणी, ह्यांतले काही टिपून ठेवण्याचे साधनच तेव्हा नव्हते. आज्जांच्या फडताळात बालगंधर्वांच्या काही तबकड्या होत्या. त्या मी लहानपणी ऐकल्या आहेत. त्यांवरून बालगंधर्वांची ओळख होते. पण ज्या गोष्टीची मला उत्सुकता आहे ती दोघांच्यामध्ये होती, आणि दोघांच्यामधले कोणत्याच तबकडीवर नाही.

तिसऱ्या संयुक्त प्रयोगाचा प्रश्न उरलाच नाही. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. ‘संयुक्त मानापमाना’पासून अवघा अठ्ठ्याऐंशीवा दिवस, वय एकतीस. पुढच्या वर्षी भास्करबुवाही गेले. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी सावरली आणि मामा वरेरकरांच्या नाटकांनी तिला नवे वळण दिले. बालगंधर्वांनी पुढे वैभव आणि कर्ज दोन्ही सारख्याच थाटाने वाहिले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला, त्यात हरिश्चंद्र होऊन उभे राहिले ते ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबेच, आणि तीन वर्षांनी ‘धर्मात्मा’ चित्रपटासाठी बालगंधर्वही कॅमेऱ्यापुढे आले. नाटक मंडळ्यांचे दिवस सरले. केशवरावांच्या मृत्यूने ‘संयुक्त मानापमाना’ला शोकांतिकेची किनार लाभली आणि ते दंतकथा होऊन बसले. ‘संयुक्त सौभद्रा’ला मात्र ना सामन्याची चुरस होती, ना पहिलेपणाचा मान. दोन दंतकथा एकाच पावसाळ्यात लोकांच्या स्मरणात मावत नाहीत. एकीने दुसरीची जागा घेतली.

आता मघाची अर्धवट ठेवलेली गोष्ट. काही वर्षांपूर्वी मैंदर्गीस गेलो असता मी आज्जांच्या जन्मसालाची गोष्ट माझ्या थोरल्या आत्यांजवळ काढली. त्या नव्वदीच्या घरात होत्या. त्या मुळीच चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, “अरे, ते आमच्या थोरल्या काकांनी पाहिलेलं. कापडाच्या पेढीवर कारकून होते ते, पुण्यामुंबईस जाऊन येऊन असायचे. तुझ्या आज्जाला त्यांनीच सांगितलं. आणि मानापमान कुठलं? त्याचं तिकीट त्यांना मिळालंच नाही. त्यांनी पाहिलं ते सौभद्र.”

“मग आज्जा मानापमानच का सांगायचे?” मी विचारले.

“सौभद्र म्हटलं की लोक म्हणायचे, ते तर आम्हीही पाहिलंय, आपल्या जत्रेत,” आत्या म्हणाल्या. “कोणी ऐकून घेत नव्हतं.”

ह्या एका उत्तरात मला माझ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले. आज्जांनी खोटे सांगितले असे आता मला वाटत नाही. त्यांनी चुलत्यांचे पाहणे आपलेसे केले आणि श्रोत्यांना हवे ते नाव त्याला दिले. पुढे मी एकान्तात त्यांच्या गोष्टी पुन्हा आठवून पाहिल्या. सामन्याचे, आरडाओरड्याचे वर्णन त्यांत फारसे नव्हतेच. एक तपशील ते नेहमी सांगत, आणि तो मला लहानपणी कंटाळवाणा वाटे: एक गात असताना दुसरा कसा मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत उभा होता, आणि आपली ओळ येईपर्यंत त्याने कसे डोळे उघडले नाहीत. हे कोणत्या नाटकातले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तिसऱ्या तोंडून आलेली साक्ष न्यायालयात टिकत नाही, आणि इतिहासातही ती जपूनच घ्यावी लागते. परंतु प्रतिस्पर्ध्याचे गाणे डोळे मिटून ऐकणारा नट हा सामन्यातला नट नव्हे, एवढे मला कळते.

कोल्हापुरात केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह आहे. शाहू महाराजांच्या काळी ते पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची माणसे त्या जळक्या भिंतींपुढे उभी राहून रडली, आणि ते जसे होते तसे पुन्हा बांधा, अशी एकमुखाने मागणी झाली. त्या रडणाऱ्यांपैकी केशवरावांचे गाणे प्रत्यक्ष कोणीही ऐकलेले नव्हते. कलावंताचा सूर विरल्यावर शंभर वर्षांनी लोक ज्याच्यासाठी रडतात, ते त्याने एका रात्री कोणावर मात केली ह्यासाठी खास नव्हे. ‘संयुक्त मानापमाना’चे स्मरण आपण दरवर्षी जुलैत करतो ते करावेच, पण त्याच वेळी, जिंकण्यासारखे काही उरले नसतानाही ते दोघे पुन्हा एकदा एकत्र गावयास उभे राहिले होते, ह्याचीही आठवण ठेवावी. आमच्या मैंदर्गीच्या कट्ट्यावर ती साठ वर्षे सांगितली जात होती. फक्त आम्ही तिला दुसऱ्याच नावाने ओळखत होतो.